अनोळखी इसम, वय अंदाजे ४०

पेपरच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, एक छोटा चौकोन येतो. अमुक शिवारात अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला. वय अंदाजे ४०, रंग सावळा, बांधा मध्यम, उंची ५ फूट ५ इंच. अंगात पांढरा शर्ट, काळी पँट. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत हा चौकोन वर्षभर येत राहतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो, कारण त्यात आपल्या ओळखीचं कोणी दिसत नाही. दिसणार तरी कसं? हे वर्णन घेऊन आठवडे बाजारात उभं राहिलं, तर समोरून जाणाऱ्या निम्म्या माणसांना ते लागू पडेल.

मी भुसावळला शाळेत चित्रकला शिकवतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका हवालदारांनी विचारलं, "सर, डोळे मिटलेल्या माणसाचे डोळे उघडे काढता येतील का?" तिथून मी या कामात आलो. आम्ही चार-पाच जण आहोत. एक शववाहिका चालवणारे मामा, एक निवृत्त रेल्वे गार्ड, एक नर्सताई आणि मी. आमची संस्था नाही की पावतीपुस्तक नाही. अनोळखी म्हणून सापडलेल्या माणसांची नोंद नीट ठेवायची आणि हरवलेल्यांच्या नोंदींशी ती ताडून पाहायची, एवढंच आम्ही करतो. लोक विचारतात, हे नेमकं चालतं कसं आणि आजच्या जमान्यात माणूस अनोळखी राहतोच कसा? त्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी दोन शब्दांची गल्लत काढून टाकू. 'बेवारस' आणि 'अनोळखी' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. बेवारस म्हणजे ज्याला न्यायला कोणी येत नाही. कधी कधी अशा माणसाचं नाव-गाव माहीत असतं, घरचे कळवूनही येत नाहीत. अनोळखी म्हणजे ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याला वारस असतात, बहुतेक वेळा चांगले घरभर असतात. तो कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं आणि ते कुठे आहेत हे आपल्याला माहीत नसतं. पेपरात 'बेवारस मृतदेह' असं छापून आलं की मला फार लागतं. ज्याची बायको चार तालुके पालथे घालते आहे, त्याला बेवारस कसं म्हणायचं?

आता मृतदेह सापडल्यावर काय होतं ते पाहू. शेतात, नदीकाठी, विहिरीत कुणाला दिसला की बहुतेक गावांत खबर आधी पोलीस पाटलांकडे जाते आणि तिथून ठाण्यात. रुळावर सापडला तर ट्रॅकमन किंवा गाडीचा लोको पायलट स्टेशन मास्तरला कळवतो आणि मास्तर पोलिसांना मेमो देतो. मेमोत खांबा क्रमांक असतो, म्हणजे कुठल्या किलोमीटरला, अप लाइनला की डाउन लाइनला. स्टेशनच्या हद्दीत असेल तर लोहमार्ग पोलीस आणि दोन स्टेशनांच्या मधे असेल तर बहुधा त्या शिवाराचं पोलीस ठाणं, अशी विभागणी असते. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. पंचांसमोर पंचनामा होतो, अंगावरच्या वस्तूंची यादी होते, फोटो निघतात, देह सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाला जातो आणि मग शवागारात.

तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण तीन दिवस वाट पाहण्याचा प्रघात आहे. शवागारातल्या जागेवर आणि देहाच्या अवस्थेवर तो काळ कमी-जास्त होतो. त्या दिवसांत बिनतारी संदेश जातात, शोधपत्रिका निघते, आजूबाजूच्या ठाण्यांतल्या 'मिसिंग' नोंदी पाहिल्या जातात, पेपरात तो चौकोन येतो. कोणी आलं नाही तर अंत्यविधी. काही देह वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यासाठी जातात, त्यासाठी आपल्याकडे १९४९ चा शरीरशास्त्र कायदा आहे. बाकीच्यांचा विधी पोलीस, नगरपालिका आणि आमच्या मामांसारखी माणसं मिळून करतात. बेघर माणसालाही मेल्यावर सन्मानाने निरोप मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. अनोळखी देह शक्यतो पुरतात, जाळत नाहीत. उद्या घरचे आले तर पुन्हा काढून तपासता यावा, हा त्यामागचा विचार. मामा प्रत्येक जागेपाशी दगड रोवतात आणि त्यावर ठाण्यातला नोंद क्रमांक ऑइलपेंटने लिहितात. पावसाळ्यानंतर रंग पुसट होतो, तेव्हा दिवाळीच्या आधी जाऊन परत लिहितात.

खान्देशात हा प्रश्न जास्त का बोचतो, ते समजून घ्यायला नकाशा पुरे. भुसावळला मुंबईहून येणारा लोहमार्ग फुटतो. एक फाटा अकोला-नागपूरकडून हावड्याला जातो, दुसरा खंडवा-इटारसीवरून उत्तरेला. जळगावहून तिसरा मार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेकडे. त्यावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, फलाटावरूनच राज्याची हद्द जाते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. म्हणजे अर्ध्या देशाची माणसं आपल्या दारावरून जातात. दरवाजात बसलेला एखादा पोरगा रात्री दोनला डुलकी लागून पडतो, तेव्हा तो बिहारचा असतो, नेपाळचा असतो, नाहीतर पुढच्याच स्टेशनाला उतरणारा आपला असतो. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या भीतीने उतरलेल्या प्रवाशांना समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने उडवलं. किमान १२ माणसं गेली, त्यांत नेपाळचेही होते. तेव्हा सगळी यंत्रणा धावून आली, याद्या झाल्या, फोन फिरले. एकटा माणूस अंधारात पडतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. फरक फक्त संख्येचा असतो. मरण तेच असतं.

दुसरी वाट तापीची. ती मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते, चांगदेवला पूर्णेला घेते, हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपाशी थांबते, पुढे प्रकाशावरून गुजरातेत उकाईला जाते. नदीला जिल्हा कळत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजूला बुडालेला माणूस रावेर-मुक्ताईनगरकडे वर येऊ शकतो. त्याच्या हरवल्याची नोंद तिकडे हिंदीत, सापडल्याची इकडे मराठीत. नंदुरबारकडे हेच मराठी आणि गुजरातीत होतं. नावाचं स्पेलिंग इंग्रजीत घालताना प्रत्येक ठाण्याची तऱ्हा वेगळी. संगणकाला 'पावरा' दोन तऱ्हेने लिहून दिला की त्याच्या लेखी ती दोन माणसं होतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पोटासाठी फिरणारी माणसं. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, शहादा भागातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. शिंदखेडा-साक्रीकडची पोरं सुरतेला कापडाच्या कारखान्यांत जातात. रावेर-यावलच्या केळीत सातपुड्यापलीकडचे मजूर येतात. या माणसांचं 'घरी न येणं' हे महिनोन्महिने नेहमीचंच असतं, आणि खरी गाठ तिथेच बसते.

समजा, साक्री तालुक्यातला एक जण सुरतेला कामाला निघाला आणि वाटेत गाडीतून पडला. घरच्यांच्या मनात तो सुरतेत पोचलेला आहे. फोन लागत नाही, पण फोन तर नेहमीच बंद असतो, रिचार्ज संपलेला असतो. आठ दिवस जातात, पंधरा जातात. मग गावचा कोणीतरी सुरतेहून येतो आणि म्हणतो, तो तर आलाच नाही. मग शोधाशोध, मग पाहुण्यांकडे फोन, मग देवाला कौल, आणि शेवटी पोलीस ठाणं. तोवर महिना गेलेला असतो. इकडे देह चौथ्या दिवशी मातीत गेला. हरवल्याचा कागद जन्माला येतो, तोवर सापडल्याचा कागद गठ्ठ्यात तळाला गेलेला असतो. दोन्ही कागद खरे असतात, दोन्हींवर सही-शिक्का असतो. त्यांची भेट तेवढी होत नाही.

हे काम म्हणजे त्या दोन कागदांची भेट घालून देणं. हे मला समजायला बराच वेळ लागला. सुरुवातीला मला वाटायचं, काहीतरी मोठं यंत्र हवं, मोठी प्रयोगशाळा हवी. त्याही हव्यात, त्यांच्याकडे पुढे येतो. पण बहुतेक माणसं अडकतात ती साध्या जागी. सापडल्याच्या कागदावर काय लिहिलं आहे, तिथे.

'पांढरा शर्ट, काळी पँट' याच माणसाची नोंद आमच्या नर्सताई कशी करतात ते सांगतो. शर्ट पांढरा, त्यावर बारीक करड्या चौकटी, अर्ध्या बाहीचा, खिशाला आतून शिलाई, कॉलरच्या आत टेलरचं लेबल, अक्षरं अर्धी पुसलेली, शेवटचं अक्षर 'डे' वाचता येतं. दुसरं बटण वेगळ्या रंगाचं, हाताने लावलेलं, लाल दोऱ्याने. कमरेला काळा करदोडा, त्यात पितळी चावी. उजव्या हातावर गोंदलेलं नाव, मोडी वळणाचा 'र'. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख मुळातून गेलेलं, जुनं. समोरचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. तळहाताला घट्टे, बोटांच्या बेचक्यात चुन्याचे डाग. आता हे वाचून त्याची बायको पान उलटणार नाही. लाल दोऱ्याने बटण तिनेच लावलेलं असेल.

गोंदण आपल्याकडे फार बोलकं आहे. जत्रेत हातावर नाव काढून घेणारी माणसं आजही आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत, मुक्ताईच्या यात्रेत पोरं मित्राचं, आईचं, देवाचं नाव गोंदवून घेतात. जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, कोपराखाली गोंदण असतं आणि त्याची नक्षी समाजाप्रमाणे, भागाप्रमाणे बदलते. नुसतं 'हातावर गोंदलेले' असं लिहून भागत नाही. काय गोंदलं आहे, कुठे, मनगटापासून किती बोटं वर, अक्षर कसं, ते लिहावं लागतं आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा लागतो. युरोपात २०२३ च्या मे महिन्यात इंटरपोलने अशा २२ स्त्रियांची माहिती लोकांपुढे मांडली, ज्यांची ओळख वर्षानुवर्षं पटली नव्हती. त्यांतल्या एकीचा देह १९९२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला नदीत सापडला होता. तिच्या हातावर काळं फूल आणि हिरवी पानं गोंदलेली होती. ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी ते फूल बातमीत पाहिलं आणि ओळखलं. ३१ वर्षं तिला 'फूल गोंदलेली बाई' एवढंच नाव होतं.

टेलरच्या लेबलाची गोष्ट मात्र इथलीच. आमच्या एका नोंदीत लेबल पूर्ण गेलेलं होतं, पण पोलिसांनी तो शर्ट फेकला नव्हता. पांढऱ्या कापडात बांधून मोहोर लावून ठेवला होता. खालच्या पट्टीच्या आत शाईने एक आकडा लिहिलेला दिसला. हा टेलरचा मापाचा नंबर असतो, माप वहीतला. तपास करणाऱ्या हवालदारांनी तो धागा धरला आणि आसपासच्या तीन गावांतल्या टेलरांना शर्ट दाखवला. तिसऱ्याने आकड्याकडे पाहिलंच नाही. काज उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे काज माझंय." मग वही काढली. पानावर नाव होतं, छाती, बाही, कॉलर आणि १०० रुपये आगाऊ. पुढे गावात जाण्याचं काम पोलिसांचं. आम्ही गेलो नाही, जायचंही नसतं.

चेहऱ्याबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळ्यांचा भरवसा चेहऱ्यावर असतो. आणि चेहराच सगळ्यात आधी दगा देतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात दोन दिवसांत चेहरा सुजतो, रंग काळपट-हिरवट होतो, गोरा माणूस सावळा दिसतो, किडकिडीत माणूस जाडा. पाण्यात राहिलेल्या देहाचं तसंच. त्यात बघणारा नातेवाईक आधीच कोलमडलेला असतो. काहींना 'हा आपला नाहीच' असं वाटून घ्यायचं असतं, तर काहींना शोध संपवायचा असतो म्हणून 'हाच' असं वाटतं. भाऊसुद्धा चुकतो. घरच्यांनी विधी केले आणि काही दिवसांनी माणूस चालत घरी आला, अशा घटना देशात घडल्या आहेत. अशा वेळी आनंद होतो खरा, पण ज्याला आपला म्हणून निरोप दिला तो कोण होता, हा प्रश्न कायमचा बंद होतो. म्हणून मोठ्या अपघातांत जगभर तीनच गोष्टी पक्की ओळख मानतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, दागिने, गोंदण, व्रण हे वाट दाखवतात, पुष्टी देतात. नुसत्या चेहऱ्यावर सहसा देह सोपवत नाहीत. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरला झालेल्या रेल्वे अपघातात एकाच देहावर दोन-दोन कुटुंबांनी हक्क सांगितला होता. भुवनेश्वरच्या एम्समध्ये डीएनए तपासून देह दिले गेले. तरी शेवटी २८ जण उरले आणि चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांचा विधी करावा लागला.

माझं चित्रसुद्धा पुरावा नसतं. सूज कमी करून, डोळे उघडून मी जो चेहरा काढतो, तो बघणाऱ्याला थांबवण्यासाठी असतो. कान मी फार मन लावून काढतो. कानाच्या पाळीची ठेवण बाकी चेहऱ्यापेक्षा बरी टिकते आणि घरच्या माणसाला ती नकळत पाठ असते. केसांची रेघ, भुवया, दातांतली फट. बाकी मी कमी काढतो. जास्त काढलं की तो माझा चेहरा होतो, त्याचा राहत नाही.

मग हमखास येणारा प्रश्न. आधार आहे ना, अंगठा लावला की झालं? नाही होत. आधारचं यंत्र 'हा अंगठा अमुक नंबरच्या माणसाचाच आहे का' एवढंच सांगतं. आपल्याकडे नंबरच नसतो. सगळ्या देशाच्या ठशांतून हा ठसा कुणाचा ते शोधून द्या, अशी सोय नाही. आधार कायद्यानुसार ठसे आणि बुबुळांची मूळ माहिती कुणाला देताही येत नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आधार प्राधिकरणाने हेच सांगितलं होतं. मात्र पोलिसांकडे गुन्हेगारी नोंदींतल्या ठशांचा वेगळा साठा असतो. राष्ट्रीय पातळीवरच्या 'नॅफिस' या प्रणालीत तो जोडला आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्या मदतीने मृत माणसाची ओळख पटवणारं पहिलं राज्य आपल्या शेजारचं मध्य प्रदेश ठरलं. पण हे त्याच माणसाबाबत चालतं, ज्याचे ठसे कधीतरी पोलिसांनी घेतले होते. साध्या कष्टकऱ्याचे ठसे तिथे कुठून असणार? तरीही प्रत्येक देहाचे ठसे घेतलेच पाहिजेत. पाण्यातल्या देहाच्या बोटांची कातडी सुटून आलेली असली तरी जाणकार हात त्यावरूनही ठसा उमटवू शकतो.

डीएनएबद्दलही असाच गैरसमज. डीएनए नाव सांगत नाही. तो किल्लीसारखा आहे, कुलूप समोर असेल तरच उपयोग. देहाचं रक्त, दात किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा जपून ठेवला, तरी समोरून आई, बाप किंवा मुलाचा नमुना यावा लागतो. भाऊ-बहिणीचाही चालतो, पण जुळणी तितकी ठाम नसते. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे नमुने एका बाजूला आणि अनोळखी देहांचे दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्ही आपोआप ताडायचे, अशी देशव्यापी व्यवस्था असावी म्हणून लोकनीती फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१८ मध्ये केंद्राने कायदा करू असं सांगितलं. २०१९ मध्ये विधेयक मांडलं गेलं, त्यात ही तरतूद होती. लोकांच्या खासगी माहितीबद्दल त्यावर रास्त शंका घेतल्या गेल्या आणि जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. शंका दूर करून ते पुन्हा यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गुन्हेगार आणि हरवलेला माणूस यांचा एकच गठ्ठा न करताही हे करता येईल.

अमेरिकेत अनोळखी मृताला 'जॉन डो' किंवा 'जेन डो' म्हणतात आणि तिथे स्वयंसेवकांनी हे काम फार पुढे नेलं आहे. १९६८ मध्ये केंटकी राज्यात तंबूच्या कापडात गुंडाळलेला एका तरुणीचा देह सापडला. तो ज्याला सापडला त्याचा पुढे झालेला जावई, टॉड मॅथ्यूज नावाचा कारखान्यातला कामगार, त्या मुलीचं नाव शोधायच्या ध्यासाने पेटला. रात्र-रात्र इंटरनेटवर हरवलेल्यांच्या जाहिराती वाचत बसायचा. १९९८ मध्ये त्याला एका बहिणीने टाकलेला मजकूर दिसला, वर्णन जुळलं, देह उकरून डीएनए तपासला आणि ३० वर्षांनी थडग्यावर नाव आलं. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना अधिकार. त्याने दोन कागद शेजारी ठेवले. पुढे तिथे 'डो नेटवर्क' उभं राहिलं, सरकारनेच हरवलेले आणि अनोळखी मृत यांची एकत्र, लोकांना पाहता येईल अशी 'नेमस' ही यादी केली. २०१७ मध्ये सुरू झालेला 'डीएनए डो प्रोजेक्ट' तर दूरच्या चुलत-मावस नात्यांवरून वंशावळ बांधत नावापर्यंत पोचतो. आपल्याकडे काही समाजांत भाट वही घेऊन यायचे आणि सात पिढ्या वाचून दाखवायचे, तसंच काहीसं. पण त्यासाठी लाखो लोकांनी आपला डीएनए त्या साठ्यात स्वतःहून दिलेला असावा लागतो. त्या साठ्यांत आपल्याकडची माणसं नगण्य आहेत, त्यामुळे ही वाट सध्या खान्देशात येत नाही.

आपल्याकडे या सेवेचं तोंड जास्त करून अंत्यविधीकडे आहे, आणि ते थोरच काम आहे. अयोध्येचे मोहम्मद शरीफ यांचा मुलगा १९९२ मध्ये घरापासून दूर मारला गेला, घरी खबर उशिरा आली. त्यानंतर त्यांनी हजारो अनोळखी देहांना, धर्म न पाहता, निरोप दिला. त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. माझं म्हणणं एवढंच, की निरोपाच्या आधी अर्धा तास नोंदीला द्यावा. माती टाकल्यावर लाल दोऱ्याचं बटण कुणालाच दिसत नाही.

या कामात उतरू पाहणाऱ्या पोरांना आम्ही काही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगतो. घटनास्थळी हात लावायचा नाही, तो खून असू शकतो. पोलिसांच्या परवानगीशिवाय काही टिपायचं नाही, काही न्यायचं नाही. मृताच्या चेहऱ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. आईने मुलाला तसं, फोनवर, दहा लोकांच्या हळहळीच्या इमोजींसकट पाहावं का? चित्र टाका, शर्टाचा फोटो टाका, गोंदणाचा टाका, तेही तपास अधिकाऱ्याला विचारून. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तेही नाही. अशा पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि ती मृत असली तरी हा नियम लागू राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुळणी सापडली असं वाटलं तरी घरी फोन करायचा नाही. ठाण्याला कळवायचं. एकदा आमच्यातल्या एकाने उतावीळपणे फोन केला होता. वर्णन जुळत होतं, माणूस दुसरा निघाला. त्या घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. ते आम्ही विसरलेलो नाही.

घरातलं कोणी हरवलं असेल तर वाट पाहू नका. चोवीस तास थांबावं लागतं असा कायदा नाही, नोंद त्याच दिवशी करता येते. ज्या फोटोत दात दिसतात असा हसरा फोटो द्या, नुसता पासपोर्टचा नको. जुनं ऑपरेशन, पायात टाकलेली सळी, मोडलेलं हाड, दाताचं काम, गोंदण, कपडे कुणी शिवले ते, सगळं लिहून घ्यायला सांगा. सळीवर कंपनीची खूण आणि बॅच नंबर असू शकतो. त्याचा ब्रश, कंगवा कागदी पाकिटात ठेवून द्या, धुऊ नका. अनोळखी मृतांची यादी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पाहता येते, पण एकदा पाहून थांबू नका. शेजारच्या जिल्ह्याची पाहा, गुजरात आणि मध्य प्रदेशाकडे विचारा, लोहमार्ग पोलिसांकडे वेगळं विचारा. शोधाच्या जाहिरातीवर दिलेल्या नंबरवर कोणी फोन करून 'तुमचा माणूस दवाखान्यात आहे, आधी पैसे टाका' म्हणालं तर पैसे टाकू नका. दुःखात असलेल्यांना असं लुबाडणारे आहेत.

ओळख पटल्याने गेलेला माणूस परत येत नाही, मग एवढा आटापिटा कशाला, असंही काही जण विचारतात. ज्यांच्या घरातलं कोणी असं गेलेलं नाही, तेच विचारतात. मृत्यूचा दाखला नाही तर सातबाऱ्यावर वारस लागत नाही, विमा मिळत नाही, विधवेची पेन्शन मिळत नाही. माणूस सात वर्षं कुणाच्याच कानावर आला नाही, तर कायदा तो मेला असं धरून चालू शकतो. त्यासाठीही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तोवर ती बाई कुठेच नसते. हळदीकुंकवाला बोलावतात तेव्हा शेजारणी एकमेकींकडे पाहतात.

शिंदखेडा तालुक्यातली एक ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त गार्डांचा पत्ता विचारत भुसावळला आली होती. सुरतेला निघालेला नवरा पोचलाच नाही. तिने काही मागितलं नाही. "जित्ता शे का मरी गया, येवढंच सांगी द्या भाऊ," एवढंच म्हणाली. मिसिंगची नोंद तिने केलेली होती, त्यात लिहिलं होतं 'निळा शर्ट'. मी विचारलं, कसला निळा? तिने पिशवीतून कापडाचा तुकडा काढला. शर्ट शिवून उरलेलं कापड टेलरने परत दिलं होतं, तिने ते पोराच्या चड्डीला लावायला ठेवलं होतं. निळ्यावर बारीक पांढरी रेघ, दोन रेघांमधे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. त्यातला चार बोटांचा तुकडा तिने कापून दिला, आम्ही तो वहीत तिच्या पानाला टाचला. कुठूनही नवी नोंद आली आणि तिच्यात 'निळा' हा शब्द दिसला, की आधी ते पान उघडतो.